इंग्रजीतल्या उद्याचा आजचा आधार

शाळेत इंग्रजी व्याकरण शिकताना काळांचा एक तक्ता समोर येतो. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, एकूण बारा रकाने; आणि भविष्यकाळाच्या रकान्यात 'शॅल' व 'विल'. 'मी जाईन' म्हणजे 'आय शॅल गो', 'तो जाईल' म्हणजे 'ही विल गो', हे समीकरण एकदा पाठ झाले की पुढे वर्षानुवर्षे तेच हाताशी राहते. पण ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांचे बोलणे ऐकावे, तर या रकान्यात न मावणारी वाक्ये जागोजागी भेटतात. उद्याच्या एकाच भेटीविषयी कोणी 'आय ॲम मीटिंग हर टुमॉरो' म्हणतो, कोणी 'आय ॲम गोइंग टू मीट हर', कोणी 'आय विल मीट हर', तर कोणी 'आय विल बी मीटिंग हर'. चारही वाक्ये शुद्ध आहेत, चारही उद्याविषयी आहेत, तरी ती एकाच अर्थाची नाहीत. यांतून निवड कशी करायची, या प्रश्नाला सहसा दोन उत्तरे दिली जातात. एक म्हणजे, घटना जवळची असेल तर 'गोइंग टू' आणि लांबची असेल तर 'विल'. दुसरे म्हणजे, खात्री जास्त असेल तर एक रूप आणि कमी असेल तर दुसरे. ही दोन्ही उत्तरे कसोटीला उतरत नाहीत. इंग्रजी बोलणारा माणूस रूप निवडतो ते त्या घटनेला आज कशाचा आधार आहे हे पाहून. छापलेले वेळापत्रक, दोघांत झालेले ठरवणे, मनाशी केलेला निश्चय, डोळ्यांना दिसणारे लक्षण, की केवळ बोलणाऱ्याचा या क्षणाचा अंदाज किंवा शब्द? आधार बदलला की रूप बदलते. हे सूत्र हाती आले तर भविष्याविषयीचे इंग्रजी बरेच सोपे होते.

या सूत्राचे मूळ इंग्रजीच्या घडणीतच आहे. इंग्रजी क्रियापदाला भूतकाळाचा प्रत्यय लागतो, 'वॉक'चे 'वॉक्ड' होते; पण भविष्यकाळाचा प्रत्यय या भाषेत नाही. मराठीत 'कर' या धातूपासून 'करीन', 'करशील', 'करेल' अशी रूपे होतात, तसे इंग्रजीत काहीच होत नाही. म्हणून डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच इंग्रजीला खरा भविष्यकाळ नाही असे मांडले. पुढे रँडॉल्फ क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९८५ चे विस्तृत व्याकरण आणि रॉडनी हडलस्टन व जेफ्री पुलम यांचे २००२ चे केंब्रिज व्याकरण यांनीही तीच बाजू घेतली. यात इंग्रजीचे काही उणे आहे असे नव्हे. जगातील २२२ भाषांच्या एका प्रसिद्ध पाहणीत जवळपास निम्म्या भाषांत भविष्यकाळाचे प्रत्ययसिद्ध रूप आढळले नाही. अशा भाषा इतर शब्दांकडून भविष्याचे काम करून घेतात. जुन्या इंग्रजीत साधा वर्तमानकाळच भविष्यासाठी चालत असे. त्याच्या जोडीला दोन क्रियापदे होती: इच्छा असणे या अर्थाचे 'विलान' आणि देणे लागणे, बांधील असणे या अर्थाचे 'स्कुलान'. आजचे 'विल' पहिल्यापासून आले आणि 'शॅल' दुसऱ्यापासून. म्हणजे 'विल'च्या मुळाशी इच्छा आहे आणि 'शॅल'च्या मुळाशी ऋण. जोन बायबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये जगभरच्या भाषा तपासून दाखवले की भविष्यदर्शक रूपे पुन्हा पुन्हा याच उगमांतून निघतात: इच्छा, बंधन आणि एखाद्या दिशेने होणारी हालचाल. तिन्ही गोष्टी वर्तमानातल्या आहेत. उद्या अजून घडलेला नसतो. त्याविषयी बोलायला माणसाजवळ आज जे असते तेवढेच असते.

हालचालीतून निघालेले रूप म्हणजे 'गोइंग टू'. मुळात त्याचा अर्थ अक्षरशः काहीतरी करायला निघणे असा होता. कोणी एखाद्याला भेटायला वाटेवर असेल, तर त्याचे चालणे आणि त्याचा हेतू या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात येत. पंधराव्या शतकापासून असे प्रयोग दिसू लागतात ज्यांत चालण्यापेक्षा हेतूच महत्त्वाचा आहे, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्याकरणकार त्याची भविष्याची खूण म्हणून नोंद घेऊ लागले. आज 'इट इज गोइंग टू रेन' या वाक्यात कोणीच कुठे निघालेले नाही. बोलण्यात त्याचे 'गॉना' झाले, आणि हे झिजलेले रूप खऱ्या प्रवासासाठी वापरता येत नाही. 'आय ॲम गॉना ईट' चालते, पण पुण्याला निघालेला माणूस 'आय ॲम गॉना पुणे' म्हणू शकत नाही. चालणे विरून गेले, तरी मूळ अर्थाचा एक अंश टिकला. निघालेल्या माणसाचा प्रवास आधीच सुरू झालेला असतो. तसे 'गोइंग टू' वापरले की ज्याविषयी आपण बोलतो त्याची सुरुवात आजच झाली आहे असे ऐकणाऱ्याला वाटते.

'शॅल' आणि 'विल' यांच्या नियमाचा इतिहास वेगळा धडा देतो. अनंताचे चिन्ह रूढ करणारे ऑक्सफर्डचे गणिती जॉन वॉलिस यांनी १६५३ मध्ये परदेशी वाचकांसाठी लॅटिनमध्ये इंग्रजीचे व्याकरण लिहिले. त्यात त्यांनी सांगितले की नुसते भविष्य सांगायचे असेल तर प्रथमपुरुषी 'शॅल' आणि द्वितीय व तृतीय पुरुषी 'विल' वापरावे. वचन किंवा धमकी द्यायची असेल तर याच्या उलट करावे. पुढच्या शतकांत हा नियम अधिकाधिक कडक होत गेला. फाउलर बंधूंनी १९०६ च्या आपल्या भाषाविषयक पुस्तकात या विषयाला बरीच पाने दिली आणि दक्षिण इंग्लंडबाहेरच्या माणसाला हे साधणे अवघड आहे अशी कबुलीही दिली. बुडणारा परका माणूस 'शॅल' आणि 'विल' यांची अदलाबदल करतो, आपल्याला बुडायचेच आहे असा त्याच्या ओरडण्याचा अर्थ होतो, म्हणून काठावरचे लोक त्याला वाचवत नाहीत, ही गोष्ट कैक पुस्तकांतून फिरली. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन आणि एच. मार्टिन यांच्या व्याकरणातून तो नियम महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांनी घोकला. पण १९२५ मध्ये अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्रीझ यांनी नाटकांतल्या संवादांची मोजदाद केली, तेव्हा लोक त्या नियमाप्रमाणे बोलतच नव्हते असे दिसले. कर्ता कोणत्या पुरुषात आहे यावरून भविष्याचे रूप ठरवण्याचा प्रयत्न तीन शतके चालला आणि रोजच्या बोलण्यात तो फसला. जे टिकले ते मूळ अर्थाशी जुळणारे. 'शॅल आय ओपन द विंडो?' या प्रश्नात समोरच्याची मर्जी विचारली आहे. कायद्याच्या मसुद्यात 'शॅल' बंधन सांगतो; आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी पाठात तो पानोपानी याच कामासाठी आहे. कायद्याच्या भाषेतही त्याची संदिग्धता जाणवू लागली आहे. अमेरिकेच्या संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांची भाषा २००७ मध्ये सुधारताना 'शॅल' काढून बहुतेक ठिकाणी 'मस्ट'सारखे स्पष्ट शब्द घातले गेले.

आता आजच्या इंग्रजीतले आधार एकेक पाहू. सर्वांत पक्का आधार वेळापत्रकाचा. 'द ट्रेन लीव्ह्ज ॲट सेव्हन', 'द एक्झाम स्टार्ट्स ऑन मंडे' यांत साधा वर्तमानकाळ आहे, कारण गाडीची वेळ किंवा परीक्षेची तारीख आजच एक वस्तुस्थिती आहे. बोलणारा ती फक्त वाचून दाखवतो. म्हणून 'इंडिया प्लेज ऑस्ट्रेलिया ऑन संडे' हे वाक्य सहज चालते, पण 'इंडिया प्लेज वेल ऑन संडे' कानाला खटकते. सामना वेळापत्रकात असतो, चांगला खेळ वेळापत्रकात लिहिता येत नाही. उद्या सूर्य किती वाजता उगवेल हे साध्या वर्तमानकाळात सांगता येते, कारण पंचांगात ते आज लिहिलेले आहे. उद्या ऊन पडेल की नाही हे मात्र त्या रूपात सांगता येत नाही. दुसरा आधार माणसामाणसांत झालेल्या ठरवण्याचा. 'आय ॲम सीइंग द डेंटिस्ट ऑन फ्रायडे' म्हणजे दवाखान्यात वेळ घेतलेली आहे. 'दे आर गेटिंग मॅरिड इन डिसेंबर' म्हणजे बोलणी झाली आहेत, तारीख धरली आहे. या रूपाची मर्यादाही त्यातूनच कळते. 'इट इज रेनिंग टुमॉरो' हे इंग्रजीत म्हणता येत नाही, कारण पावसाशी कोणी वेळ ठरवलेली नसते. जिथे ठरवणारा माणूस नाही तिथे चालू वर्तमानकाळ भविष्यासाठी सहसा चालत नाही.

तिसरा आधार निश्चयाचा किंवा लक्षणाचा, आणि इथे 'गोइंग टू' येते. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेफ्री लीच यांनी १९७१ मध्ये इंग्रजी क्रियापदाच्या अर्थावर लिहिताना त्याचे दोन भाग स्पष्ट केले: आजच्या हेतूची उद्याची पूर्ती आणि आजच्या कारणाचा उद्याचा परिणाम. 'आय ॲम गोइंग टू लर्न स्विमिंग' म्हणणाऱ्याने मनाशी ठरवले आहे, पण तलावाचे शुल्क अजून भरलेले नसेल. भरले असते आणि वर्ग सोमवारी सुरू होणार असता तर तो 'आय ॲम स्टार्टिंग' म्हणाला असता. 'लुक ॲट दोज क्लाउड्स, इट इज गोइंग टू रेन' यात ढग दिसत आहेत. 'शी इज गोइंग टू हॅव अ बेबी' म्हणजे ती आजच गरोदर आहे. 'शी विल हॅव अ बेबी' हे वाक्य तसे काही सांगत नाही, तो एखाद्याने पुढे केव्हातरी घडेल म्हणून वर्तवलेला अंदाज आहे. हाच फरक सावध करण्याच्या वाक्यांत दिसतो. मूल कठड्यावरून झुकले असेल आणि तोल जात असेल तर ओरडायचे वाक्य 'यू आर गोइंग टू फॉल'. मूल अजून खाली उभे असून चढण्याची परवानगी मागत असेल तर उत्तर 'नो, यू विल फॉल'. दुसऱ्या वाक्यात 'चढलास तर' ही न बोललेली अट आहे. पडण्याचे कारण अजून निर्माण झालेले नाही, म्हणून 'गोइंग टू' तिथे बसत नाही.

यानंतर उरते ते 'विल', आणि त्याला बोलणाऱ्याखेरीज दुसरा आधार लागत नाही. तो त्या क्षणी मनात आलेला निर्णय असतो, दिलेला शब्द असतो किंवा केलेला अंदाज असतो. दारावरची घंटा वाजली की 'आय विल गेट इट' म्हणतात. इथे 'आय ॲम गोइंग टू गेट इट' म्हटले तर घंटा वाजण्याआधीच ते ठरले होते असा अर्थ निघतो. 'विल यू हेल्प मी?' ही विनंती आहे, कारण ती समोरच्याची इच्छा विचारते. 'आर यू गोइंग टू हेल्प मी?' यात त्याच्या आधीच्या हेतूची चौकशी आहे, म्हणून आवाज थोडा चढला तरी ते 'मदत करणार आहेस की नाही?' असे ऐकू येते. इच्छेचा जुना अर्थ 'विल'मधून अजून गेलेला नाही हे नकारात नीट दिसते. 'द कार वोन्ट स्टार्ट' म्हणजे गाडी आत्ता सुरू व्हायला तयार नाही. निर्जीव गाडीलाही भाषेने हट्ट दिला आहे, आणि वाक्य वर्तमानाविषयी आहे. दारावर थाप पडली की 'दॅट विल बी द पोस्टमन' म्हणतात, तेही वर्तमानाविषयीच. फक्त ती बोलणाऱ्याची अटकळ आहे. 'विल' हा काळाचा प्रत्यय असता तर हे शक्य झाले नसते. या 'विल'ची एक सौम्य बहीण म्हणजे 'विल बी' आणि 'इंग' यांची जोडी. 'विल यू बी यूझिंग द कार टुनाइट?' या प्रश्नात समोरच्याच्या इच्छेला हात न लावता, गोष्टी आपसूक कशा घडणार आहेत एवढेच विचारले जाते. म्हणून एखाद्यावर दडपण न आणता विचारायचे असेल तेव्हा इंग्रजी हे रूप जवळ करते.

'इफ' आणि 'व्हेन' यांच्या उपवाक्यांतला नियमही इथेच उलगडतो. 'जेव्हा तो येईल तेव्हा मी सांगेन' याचे भाषांतर मराठी माणूस हमखास 'व्हेन ही विल कम' असे करतो, कारण मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ आहे. इंग्रजीत 'व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम' असेच हवे. येण्याविषयी बोलणारा इथे अंदाज करत नाही, वचनही देत नाही; ते घडले असे धरून तो पुढचे बोलतो. धरून चाललेल्या गोष्टीला 'विल'ची गरज नाही. त्याचे वचन फक्त सांगण्यापुरते आहे, म्हणून 'विल' तिथेच लागते. एखाद्या विनंतीत 'इफ यू विल वेट हिअर' असे येते तेव्हा 'विल' भविष्य दाखवत नाही, थांबण्याची तयारी विचारते. वरवर अपवाद वाटणारी ही जागाही आधाराच्याच सूत्राने सुटते.

यावर पहिला आक्षेप असा की इंग्रज आणि अमेरिकन लोक स्वतःच ही रूपे मिसळतात. 'इट विल रेन टुमॉरो' आणि 'इट इज गोइंग टू रेन टुमॉरो' यांत ते सहसा फरक मानत नाहीत. हे खरे आहे. डग्लस बायबर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये बोली व लेखी इंग्रजीच्या मोठ्या संग्रहावरून व्याकरण लिहिले, त्यातही 'गोइंग टू' प्रामुख्याने संभाषणात आणि 'विल' सर्वत्र, लेखनात तर विशेषच, असे चित्र दिसते. म्हणजे निवडीत औपचारिकतेचाही वाटा आहे. पण ज्या वाक्यांत दोन्ही आधार उपलब्ध असतात तिथेच दोन्ही रूपे चालतात. उद्याच्या पावसाची लक्षणे आज दिसत असतील आणि त्यावरून अंदाजही बांधता येत असेल, तर बोलणारा कोणत्याही बाजूने बोलू शकतो. जिथे एकच आधार आहे, म्हणजे घंटा वाजल्यावरचा निर्णय, गरोदर स्त्री, झुकलेले मूल, तिथे मिसळ होत नाही. मोकळीक कुठे आहे आणि कुठे नाही, हेही आधारावरूनच कळते. त्यामुळे हा आक्षेप सूत्र मोडत नाही, त्याची हद्द दाखवतो.

दुसरा आक्षेप जवळ-लांब आणि खात्री यांच्या बाजूने येतो. तो तपासायला दोन वाक्ये पुरतात. दार उघडायला उठणारा माणूस पुढच्याच क्षणाविषयी 'विल' वापरतो. उलट, सूर्याच्या गाभ्यातला हायड्रोजन सुमारे ५ अब्ज वर्षांनी संपेल, हे सांगताना 'गोइंग टू' बिनदिक्कत चालते, कारण तो संपण्याची क्रिया आज सुरू आहे. खात्रीचेही तसेच. 'प्रॉबब्ली' आणि 'डेफिनिटली' हे दोन्ही शब्द 'विल'बरोबर चालतात आणि 'गोइंग टू'बरोबरही. वेळापत्रकातली गाडी उशिरा येऊ शकते, ठरलेली भेट रद्द होऊ शकते. रूप मात्र बदलत नाही, कारण ते घटना घडेलच याची हमी देत नाही, बोलणारा कशाच्या भरवशावर बोलतो आहे तेवढे सांगते.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. भारतीय इंग्रजीला स्वतःची वाट आहे, 'विल' सर्वत्र वापरले तरी अर्थ पोचतो, मग हा खटाटोप कशाला? अर्थ बहुतेक वेळा पोचतो, हे मान्य केले पाहिजे, आणि कोणाच्या बोलीला हिणवण्याचे कारण नाही. पण काम, शिक्षण किंवा करार यांच्या व्यवहारात आधार लपला की नुकसान होते. ग्राहकाशी वेळ ठरलेली असताना वरिष्ठांना 'आय विल मीट द क्लायंट टुमॉरो' असे लिहिले, तर वाचणाऱ्याला तो नुसता मनोदय वाटू शकतो. 'आय ॲम मीटिंग' लिहिले तर वेळ ठरली आहे हे एका शब्दरूपात कळते. उलट, जे अजून फक्त मनात आहे ते 'आय ॲम सेंडिंग इट टुमॉरो' असे लिहिले, तर समोरचा ते झालेले ठरवणे समजून त्यावर पुढचे काम आखतो.

मराठी माणसाला हे अवघड जाण्याचे खरे तर कारण नाही, कारण हा विवेक मराठीतही आहे. 'मी उद्या पुण्याला जाईन', 'जाणार आहे' आणि 'जातोय' ही तीन वाक्ये आपण अदलाबदल करून वापरत नाही. 'जाईन' मध्ये अजून बेत सैल आहे किंवा शब्द दिला जातो आहे, 'जाणार आहे' मध्ये ठरलेले आहे, 'जातोय' मध्ये पिशवी भरायला घेतली आहे. गाडी सात वाजता 'सुटते', असेही आपण म्हणतो. अडचण येते ती रूपाला रूप जुळवताना. पाहुण्यासाठी उठताना मराठी माणूस 'थांबा, मी पाणी आणतो' असे वर्तमानकाळात म्हणतो. त्याचे 'आय ब्रिंग वॉटर' किंवा 'आय ॲम ब्रिंगिंग वॉटर' केले की चुकते, कारण इंग्रजीत त्या क्षणाच्या तयारीला 'आय विल'च लागते. म्हणून मराठी प्रत्ययाला इंग्रजी शब्द चिकटवण्याची सवय सोडून, मराठीत जो आधार आपण नकळत ओळखतो तो ओळखून मग इंग्रजी रूप घ्यायला हवे.

शिक्षकांना आणि पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना म्हणूनच एक आग्रहाचे सांगणे आहे. बारा रकान्यांचा तक्ता क्रियापदांची रूपे ओळखण्यापुरता राहू द्या, पण भविष्याचा धडा त्या तक्त्यावरून शिकवू नका. विद्यार्थ्याला आधी चार प्रश्न विचारायला शिकवा: हे कुठे वेळापत्रकात आहे का? कोणाशी ठरले आहे का? मनाशी पक्के झाले आहे किंवा त्याचे लक्षण दिसते आहे का? यांपैकी काहीच नसेल, तर हा माझा आत्ताचा शब्द किंवा अंदाज आहे का? पहिल्या प्रश्नाला होकार आला तर साधा वर्तमानकाळ, दुसऱ्याला चालू वर्तमानकाळ, तिसऱ्याला 'गोइंग टू', चौथ्याला 'विल'. एवढा विचार करून वाक्य बोलणाऱ्या विद्यार्थ्याला भविष्यकाळाचे वेगळे नियम फारसे पाठ करावे लागणार नाहीत.